म्हणायचं होतं ‘धरा’

तुकडीत तिला सगळे ताई म्हणत. तुकडीतल्या शिंप्याने मात्र तिचं वेगळंच नाव ठेवलं होतं, ‘दोन नंबर’. जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणारी ती तुकडी. तिचे प्रमुख उस्ताद आणि ही त्यांची सहायक, म्हणून दोन नंबर. “आमच्या ताई दोन नंबरची कामं करतात बरं का,” असं तो नव्या माणसाला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, आणि तो माणूस तिच्याकडे जरा जपून बघायला लागला की पोट धरून हसायचा.

सहायकाचं काम दिसायला किरकोळच. सकाळी अवजारं वाटायची, संध्याकाळी गोळा करायची, औषधांची पेटी आणि वॉकीटॉकी सांभाळायचा, कोणाचं पाणी संपलंय ते बघायचं आणि चालताना सगळ्यांच्या मागे राहायचं. उस्ताद पुढे, ती शेवटी. मधली माणसं हौशी होती. कोणी सुट्टी काढून आलेलं, कोणी दुकान बंद ठेवून. दगड रचायचे, पाणी वाहून जायला चर काढायचे, वादळात पडलेली झाडं वाटेतून हटवायची आणि अंग मोडून घेऊन घरी जायचं, याचा त्यांना नाद लागला होता.

ताई मुळात भित्री. घरी तिच्या भित्रेपणाचे किस्से पाहुण्यांना चहाबरोबर मिळत. शेगडी बंद केली का हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत येई. झोक्यावर बसली की पाय जमिनीवरून सोडत नसे. “तू? आणि कड्यावर?” असं आईने विचारलं होतं. उस्तादांनी तिला सहायक केलं तेव्हा तिने तेच त्यांना विचारलं होतं.

उस्ताद तेव्हा पहारीचं टोक दगडावर घासत होते. मान वर न करता म्हणाले, “न घाबरणारी माणसं मी पुष्कळ बघितली. त्यांना उचलून आणावं लागतं. तू आपली मागे चाल आणि घाबरत राहा. फक्त एक कर. घाबरलीस की मला सांग.”

हे तिला जमण्यासारखं होतं. दगड हलतोय, सांगितलं. फांदी वाळलेली वाटतेय, सांगितलं. उस्ताद दर वेळी थांबत, बघत, आणि बहुतेक वेळा “काही नाही, चला” म्हणत. पण थांबत. त्यांच्यावर सोपवलं की भीती तिच्या अंगावरून उतरून जायची. आता या खेपेला मात्र ज्याची भीती वाटत होती ते उस्तादच होते, आणि हे कोणाला सांगायचं ते तिला कळत नव्हतं.

सुरुवात साध्या गोष्टींनी झाली. कड्यापलीकडच्या पठारावर तंबू ठोकले त्या संध्याकाळी उस्तादांनी तिला त्यांच्या मुलीच्या नावाने हाक मारली. वयाचा माणूस, होतं असं. दुसऱ्या दिवशी ते कुदळीला फावडं म्हणाले आणि शिंप्याने फावडं आणून दिल्यावर त्याच्यावरच खेकसले. उस्ताद कोणावर खेकसत नसत. मग तिने बघितलं की चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून निसटला आणि ते रिकाम्या बोटांकडे बघत बसले. कप गडगडत तिच्या पायाशी आला. तिने उचलून दिला.

“बरं नाही का, उस्ताद?”

“डोकं दुखतंय थोडं. ऊन लागलं असेल.”

ऊन नव्हतंच. सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं.

दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना. ती चर खणणाऱ्यांना पाणी देत होती, पण डोळे उस्तादांच्या पायांकडे. डावा पाय जरा घासत येतो की काय? की तिलाच तसं वाटतंय? ती स्वतःलाच दटावून बघत होती. तुला शेगडी चालू दिसते, तुला दोर तुटलेला दिसतो, आता तुला माणूस आजारी दिसायला लागला. ज्यांनी निम्मं आयुष्य या डोंगरात काढलं त्यांना तू, दोन पावसाळे काम केलेली पोरगी, काय सांगणार?

तिने काहीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठा दगड बसवायचा होता. वादळाच्या पाण्याने वाटेचं एक वळण खचलं होतं. तिथे खालून आधार द्यायला चांगला थोरला, चपटा दगड हवा होता, आणि तो वरच्या उतारावर सापडला होता. त्याला दोर बांधला, दोराला झाडाच्या बुंध्याभोवती वेढे दिले. दोराच्या टोकाशी पोस्टमनकाका आणि थोरली जाऊ. पोस्टमनकाका नोकरीतून निवृत्त झालेले, शांत आणि काटक. थोरली जाऊ अंगापिंडाने मजबूत. खाली खचलेल्या जागी शिंपी आणि धाकटी जाऊ पहारी घेऊन, दगड आला की त्याला वळवायला. या दोघी जावा घरी एकमेकींशी बोलत नाहीत आणि जंगलात मात्र एका तंबूत राहतात, असं शिंपी सांगायचा. त्या दोघी ते नाकारत नसत.

उस्ताद मधे एका उंचवट्यावर उभे होते. तिथून वरचेही दिसत आणि खालचेही. सगळा कारभार त्यांच्या दोन शब्दांवर. ‘सोडा’ म्हटलं की दोर हातभर ढिला करायचा, ‘धरा’ म्हटलं की जागच्या जागी आवळायचा. ताई त्यांच्या बाजूला होती.

“सोडा,” उस्ताद म्हणाले. दगड कुरकुरत सरकला. “धरा.” थांबला. “सोडा. धरा.” असं छान चाललं होतं. ताईला जरा धीर आला. कामात असले की उस्ताद पूर्वीसारखेच दिसत.

दगड खालच्यांच्या डोक्याच्या उंचीवर येऊन थांबला. शिंपी पहार लावायला त्याच्या खाली वाकला. उस्तादांनी हात वर केला, तळवा पसरून, थांबा अशा खुणेचा, आणि म्हणाले, “सोडा.”

वरच्या दोघांची नजर दोरावर होती, उस्तादांचा हात त्यांना दिसला नाही. त्यांनी फक्त ऐकलं आणि दोर सोडला.

“धरा!” ताई किंचाळली. पण दगडाने वेग घेतला होता. दोर काकांच्या हातमोज्यांतून सूं करत गेला. शिंप्याने पहार टाकली आणि मागे अंग झोकून दिलं. धाकटीला बाजूला व्हायला जागाच नव्हती, ती उताराला पालीसारखी चिकटली. दगड त्या दोघांच्या मधून गेला, पहारीवर आदळला, तिला काडीसारखी वाकवून खालच्या दरीत उतरला. कितीतरी वेळ त्याचा आवाज येत राहिला. झाडं मोडण्याचा, मग दगडावर दगडाचा, मग काहीच नाही.

शिंपी चिखलात पाठीवर पडला होता आणि आभाळाकडे बघत होता. विनोद करायची त्याला शुद्ध नव्हती. धाकटीच्या मनगटाचं साल निघालं होतं. थोरली वरून धावत आली आणि बोलणं नसलेल्या जावेला तिने असं काही कवटाळलं की दोघी खालीच बसल्या.

“धरा म्हटलं होतं मी!” उस्ताद ओरडले. “कान कुठे होते तुमचे?”

पोस्टमनकाका हातमोजे काढता काढता थांबले आणि त्यांनी ताईकडे बघितलं. मग शिंप्याने बघितलं. सगळ्यांनी ‘सोडा’ ऐकलं होतं. आणि तिला कळलं की हे सगळे तिच्याकडे बघताहेत, कारण आता बघायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ती आधी धाकटीच्या मनगटाला पट्टी बांधायला बसली. बांधताना पट्टी दोनदा सुटली, तेव्हा धाकटीनेच तिचं टोक धरलं. “ताई,” ती हळूच म्हणाली, “त्यांच्या ओठाची एक बाजू बघा, खाली आलीय.”

ताई उठली आणि उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

“उस्ताद, डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर धरा.”

त्यांना लगेच समजलं. ही तपासणी तुकडीतल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवली होती. मेंदूत काही बिघडलं तर कसं ओळखायचं ते. त्यांचा चेहरा लाल झाला.

“माझीच परीक्षा घेतेस?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“हात धरा, उस्ताद.”

तिचा आवाज चिरकला. तो चिरकला म्हणूनच की काय, त्यांनी ऐकलं. डोळे मिटून दोन्ही हात झटक्यात पुढे केले, कवायतीला उभं राहिल्यासारखे. उजवा हात तिथेच राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला. कोणीतरी त्याच्यावर एकेक चिमूट माती टाकत असावं तसा तो खाली खाली आला आणि मांडीशी लोंबकळला.

“बघ,” मिटल्या डोळ्यांनी उस्ताद म्हणाले. “आहेत ना सरळ? झालं समाधान?”

थोरलीने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. मग उस्तादांनी डोळे उघडले आणि आपला डावा हात कुठे आहे ते बघितलं.

त्यांची ती नजर ताईला पुढे कितीतरी दिवस झोपेत दिसत राहिली. एखाद्याला स्वतःच्या घरात परका माणूस दिसावा, तशी ती नजर.

“थंडीने आखडलाय,” ते म्हणाले.

वॉकीटॉकी या बाजूला लागत नसे. कडा ओलांडून खिंडीत गेलं तरच खालच्या वनचौकीशी बोलता येई. आणि कड्यावरची वाट म्हणजे डोंगराच्या पोटाला खरवडून काढलेला पट्टा. एका बाजूला भिंत, दुसरीकडे नुसती हवा. समोरून माणूस आला तर एकाला मागे सरकावं लागे. भिंतीत लोखंडी खुंट्या ठोकून साखळी ताणली होती. ती साखळी तरुणपणी उस्तादांनीच बसवलेली.

“दोघं पुढे जाऊ, चौकीला कळवू,” पोस्टमनकाका म्हणाले. “ते स्ट्रेचर घेऊन येतील. यांना इथेच तंबूत निजवू.”

शहाणपणाची गोष्ट होती, आणि ताईला ती हवीहवीशी वाटली. तंबूत बसायचं, वाट बघायची, निर्णय दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा. पण ती जितका विचार करत गेली तितकी तिची भीती वाढत गेली. स्ट्रेचर कड्यावरून येणार कसं? आडवा माणूस त्या वाटेवरून जाऊच शकत नाही. उस्ताद आत्ता चालताहेत. संध्याकाळी चालतील का? कालपेक्षा आज जास्त बिघडलंय. तासाभरात आणखी बिघडलं तर? आणि दरीतून ढग वर यायला लागला होता.

आता नेलं आणि ते कड्यावर कोसळले, तर त्यांना मी मारलं. नाही नेलं आणि ते इथे गेले, तरी मीच. तिला आईची आठवण झाली. तिला घरी जायचं होतं.

“सगळ्यांनी निघायचं,” ती म्हणाली. “आत्ताच. सामान राहू दे. पट्टे चढवा.”

“प्रमुख मी आहे,” उस्ताद म्हणाले. “दगड बसल्याशिवाय कोणी हलायचं नाही.”

“दगड गेला, उस्ताद.”

“दुसरा काढू.”

“नाही. आत्ता तुम्ही प्रमुख नाही. मी सांगते ते ऐका.”

ती हे मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच बोलली होती. उस्ताद एक पाऊल पुढे आले. ते हात उगारतील असं तिला क्षणभर वाटलं, आणि तिने मान खाली घातली नाही ती केवळ मान वळेनाशी झाली होती म्हणून. तेवढ्यात पोस्टमनकाकांनी मुकाट्याने आपला पट्टा कमरेला आवळला. मग शिंप्याने. मग दोघी जावांनी. पट्ट्यांच्या बकलांचे आवाज ऐकत उस्ताद उभे राहिले आणि मग एकाएकी थकल्यासारखे झाले. ताईने त्यांचा पट्टा बांधला. त्यांनी बांधू दिला.

कड्याशी पोचेपर्यंत ढगाने पलीकडचं सगळं पुसून टाकलं होतं. दरी दिसत नव्हती. त्याने भीती कमी व्हायला हवी होती, पण झालं उलटंच. काका पुढे गेले, त्यांच्यामागे ताई, मग उस्ताद. त्यांच्यामागे शिंपी, मग थोरली आणि धाकटी. प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन आखूड दोर, दोरांना कड्या. दोन्ही कड्या साखळीत अडकवायच्या. खुंटी आली की एक कडी काढून खुंटीपलीकडे लावायची, मग दुसरी. एक कडी कायम साखळीत, हा नियम. माणूस घसरला तरी लोंबकळेल, जाणार नाही.

उस्तादांच्या कड्या ताई लावत होती. स्वतःच्या दोन पुढे न्यायच्या, मग वळून त्यांच्या दोन. ओली साखळी, बधिर बोटं. ती अखंड बोलत होती. “उजवा पाय. इथे दगड थोडा वर आलाय. आता डावा. भिंतीला टेका. छान.” घरी आजारी माणसाला न्हाणीघरात नेताना बोलतात तसं. उस्ताद काही न बोलता पाय टाकत होते. डावा पाय घासत होता. प्रत्येक वेळी तो घासला की बारीक खडे वाटेवरून सुटत आणि खाली पडल्याचा आवाजच येत नसे.

मधल्या वळणावर, जिथे वाट सर्वांत अरुंद होते, तिथे ती स्वतःची दुसरी कडी लावायला वळली. लावली. परत उस्तादांकडे फिरली.

उस्तादांनी आपल्या दोन्ही कड्या काढल्या होत्या.

त्या त्यांच्या उजव्या हातात होत्या आणि ते त्यांच्याकडे बघत होते, हे काय आहे बुवा असं. पाठ भिंतीला टेकलेली नव्हती. ते वाटेच्या बाहेरच्या कडेला तोंड करून उभे होते आणि बुटांची टोकं हवेत होती. त्यांच्यामागे शिंप्याचा चेहरा पांढराफटक. तो हात पुढे करायला लागला, पण ताईने नुसत्या डोळ्यांनी त्याला नको म्हटलं. दचकले तर संपलं.

“उस्ताद,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग अगदी सभ्यपणे, अनोळखी बाईशी बोलावं तसं विचारलं, “कोण आपण?”

आपण आता ओरडणार, असं तिला वाटलं. आवाज छातीत भरून आला होता. ही भीती ज्याला सांगावी तो माणूस समोर उभा होता आणि तो तिला ओळखत नव्हता. त्यांना धरावं तर ती पोचत नव्हती. कडी लावा म्हणावं तर कडी म्हणजे काय तेच त्यांना कळत नव्हतं.

आणि मग, तिने मुद्दाम विचार केला असं नाही, तोंडातून आपोआप जे आलं ते रोजचंच होतं. रोज ती त्यांना हेच सांगत आली होती.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. “माझी कडी नीट बसली नाहीये. जरा बघता?”

उस्तादांच्या कपाळावर आठी पडली. कोणाची तरी कडी नीट बसली नाही! नाव, जागा, दिवस, सगळं त्यांच्यातून निघून गेलं होतं, पण हे आत कुठेतरी शाबूत होतं. ते भिंतीकडे वळले. हातातल्या कड्या सोडून दिल्या, त्या पट्ट्याला लोंबकळल्या. उजव्या हाताने साखळी धरत ते एक पाऊल तिच्याकडे आले आणि वाकून तिच्या कडीची जीभ दाबून बघायला लागले.

“बसलीय की,” ते पुटपुटले. “नीट बसलीय.”

तोवर ताईने त्यांची एक कडी पकडून साखळीत अडकवली होती. मग दुसरी. खट् आवाज झाला तेव्हा शिंप्याच्या तोंडून हुंदका फुटला.

“दुसरीही बघा,” ती म्हणाली. “पुढच्या खुंटीलाही बघा. मला तुमच्याशिवाय धीर होत नाही.”

असं करत ते गेले. प्रत्येक खुंटीशी ती घाबरल्याचं सांगत होती, आणि ते खरंच होतं, आणि प्रत्येक खुंटीशी उस्ताद तिची कडी तपासत होते आणि ती त्यांची लावत होती. एकदा ते म्हणाले, “इतकं काय घाबरायचं, बाई?” एकदा त्यांनी साखळीला थोपटलं. कडा संपला आणि पायाखाली रुंद जमीन आली तेव्हा उस्ताद एका झाडाला टेकून बसले आणि लगेच त्यांचे डोळे मिटायला लागले.

वॉकीटॉकीवर चौकीचा माणूस “बोला, बोला” म्हणत होता आणि ताईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी काकांनी तिच्या हातून तो घेतला आणि पत्ता सांगावा तसं, आधी जागा, मग माणूस, मग काम, सगळं नीट सांगितलं. जीप खिंडीच्या पायथ्यापर्यंत आली. तिथपर्यंत चौकीच्या माणसांनी उस्तादांना स्ट्रेचरवर नेलं. ताई शेजारून चालत त्यांना जागं ठेवत होती. जीपचं दार बंद झाल्यावर ती गाडीमागे गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली.

डॉक्टरांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. कवटीच्या आत रक्त साचत गेलं होतं, कित्येक दिवस, थेंबाथेंबाने, आणि त्याने मेंदू दाबला होता. डोक्याला मार लागला होता का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, आमच्यासमोर तर नाही. तेव्हा उस्तादांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, डोळे पुसत म्हणाली, “माळ्यावरची बॅग काढताना चौकट लागली होती. महिना होऊन गेला. चांगलं टेंगूळ आलं होतं. मला म्हणाले, काही नाही गं.” शिंपी बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “सगळे डोंगर तुडवले आणि माळ्याने दगा दिला,” तो म्हणाला, आणि कोणाला हसू आलं नाही, त्यालाही नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. त्या हे कौतुकाने म्हणाल्या. ताईला मात्र त्या आणखी उशिराचीच स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात ती दर वेळी तंबूत बसायची.

उस्ताद घरी आल्यावर ती लगेच गेली नाही. सगळ्यांसमोर आपण त्यांना ‘तुम्ही प्रमुख नाही’ म्हटलं, ते त्यांनी कसं घेतलं असेल याची धास्ती होती. शिवाय दुसरीही एक धास्ती होती, जी तिने कोणाला सांगितली नाही. दार उघडल्यावर ते पुन्हा विचारतील, कोण आपण?

शेवटी काकूंचाच फोन आला. “ये गं. तुझी आठवण काढतात.”

दार काकूंनी उघडलं. उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसले होते. डोकं भादरलेलं, त्यावर टाक्यांची वाकडी रेघ. त्यांनी वळून बघितलं. ताई उंबऱ्यातच थांबली.

“आलीस का?” ते म्हणाले, आणि तिचं नाव घेतलं. स्वच्छ, पुरतं. “अशी दारात काय उभी? बस.”

ती बसली. चहा आला. डाव्या हाताने त्यांनी कप उचलला. कप थोडा हलत होता, पण हातात राहिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. शिंप्याचं, पावसाचं, डॉक्टर पुन्हा डोंगरावर जाऊ देतील की नाही याचं. काकू भाजी आणायला गेल्या तसे उस्ताद म्हणाले, “मला त्या दिवसातलं काही आठवत नाही. तंबू ठोकले एवढं आठवतं. मग एकदम दवाखाना.”

“हो, काकू सांगत होत्या.”

“शिंपी म्हणाला, तू मला कड्यावरून आणलंस. बाकी सांगायला तयार नाही. गडी बोलायचा थांबत नाही एरवी.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “दुपारी डोळा लागला की घाम फुटून जाग येते. काहीतरी भयंकर झालेलं असतं आणि काय ते माहीत नसतं. मी घाबरलो होतो का गं?”

नाही म्हणणं सोपं होतं. आजारी माणसाला असंच सांगतात. पण त्यांनीच तिला हे शिकवलं होतं, की भीती वाटली की सांगायचं.

“हो,” ती म्हणाली. “तुमचा हात खाली आलेला तुम्ही बघितलात तेव्हा. फार घाबरला होतात.”

“मला वाटलंच,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले. “सगळं सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस.”

तिने सांगितलं. चहाचा कप, फावडं, दगड, ‘सोडा’. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. शिंपी दगडाखाली वाकला होता ते सांगताना ती अडखळली, तर त्यांनी हातानेच ‘पुढे’ अशी खूण केली. कड्या काढल्याचं तिने सांगितलं. बुटांची टोकं कुठे होती ते सांगितलं. “आणि तुम्ही मला विचारलंत, कोण आपण?”

त्यांनी डोळे उघडले. कप खाली ठेवायला गेले, पण तो बशीवर खडखडायला लागला. त्यांचा हात थरथरत होता, डावा नव्हे, चांगला उजवा. ती उठली आणि कप काढून घेतला. उस्तादांनी तिचं मनगट घट्ट धरलं. कड्यावर घाबरायला हवं होतं ते सगळं आता, या खुर्चीत, दिवसाउजेडी त्यांच्या अंगात भरत होतं, आणि त्याला काही इलाज नव्हता. ती त्यांच्या खुर्चीशी खाली जमिनीवर बसली.

“मग?” त्यांनी विचारलं. “मग मी आलो कसा?”

“चालत,” ती म्हणाली. “माझ्या कड्या तपासत.”

त्यांना ते नीटसं कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा, जरा सावकाश, पहिल्या खुंटीपासून सांगायला सुरुवात केली.